जसंच्या तसं

“पुस्तक वाचून कुणी पोहायला शिकलंय का, शास्त्रीबुवा?”

अभिराम खर्डेकर दारातूनच विचारत आत आला. कराडच्या आमच्या लहानशा ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी एक पुस्तक मोठ्याने वाचत असे. सुरुवातीला पाच-सहा जण बसायचे. मग एकेकाला कामं निघाली आणि शेवटी एकटी मृण्मयी घोलप उरली. मी तेव्हा पन्नाशी ओलांडलेला होतो. आडनाव टेंबे, पण अभिरामने माझं शास्त्रीबुवा करून टाकलं होतं. समोरच्याशी बोलताना मी त्याच्या शर्टाच्या गुंडीकडे बघायचो. वाचताना मात्र आवाज जरा बरा निघायचा, कारण शब्द माझे नसायचे.

“पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, खरंय,” मृण्मयी म्हणाली. “पण पाणी किती खोल आहे ते आधी कळलेलं बरं ना?”

“पाय टेकले की कळतं.”

“आणि नाही टेकले तर?”

अभिराम मोठ्याने हसला आणि तिच्या डब्यातली चकली उचलून तोंडात टाकली. तो वाईट माणूस नव्हता. माझ्याहून वीस वर्षांनी लहान आणि तरी आमचा प्रमुख. कॉलेज अर्ध्यावर सोडून, लोकांचे बिघडलेले प्रोग्राम दुरुस्त करत करत तो शिकला होता. कुठली ओळ चुकली आहे हे त्याला वासावरून कळतं, असं सगळे म्हणायचे, आणि ते मी पाहिलंही होतं. त्याच्यासमोर पुस्तक हातात धरलं की मला चोरी पकडल्यासारखं व्हायचं.

पुस्तक रिफॅक्टरिंगवर होतं. चालू असलेला प्रोग्राम आतून नीट लावायचा, गुंता सोडवायचा, गोष्टींना सरळ नावं द्यायची. पण बाहेरून त्याचं वागणं तसूभरही बदलू द्यायचं नाही. समासात मी पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं: जसंच्या तसं.

हे शिकायला पुस्तक लागतं का, हा प्रश्न त्यानंतरही मला पुष्कळ तरुण मुलांनी विचारला. मी हसून विषय बदलतो. मला खरंच माहीत नाही.

आमच्याकडे तेव्हा उंबराईच्या रोपवेचं काम होतं. उंबराईचा डोंगर सरळ भिंतीसारखा उभा आहे. वर देवीचं ठाणं, खाली दरी, आणि दरीवरून तारेला लटकत जाणारे डबे. भाविक त्यांना पाळणे म्हणायचे. खालच्या स्टेशनवर एक लोखंडी पेटी होती आणि तिच्यात आमचा प्रोग्राम. पेटीचं मुख्य काम एकच. वरच्या स्टेशनवरून एका वायरमधून सारखा संकेत यायचा, की इकडे सगळं ठीक आहे. तो काही क्षण आला नाही, तर पेटीने आपण होऊन ब्रेक टाकायचा. मग वर काहीही बिघडलेलं असो, पाळणे जिथल्या तिथे थांबत.

यंत्रणेचं ते तिसरं वर्ष होतं. प्रोग्राम घाईत लिहिलेला, ठिगळं लावलेला. तो स्वच्छ करायचं काम मृण्मयीकडे आलं आणि तिने ते पुस्तक उशाशी घेऊन केलं. पावसाळ्याच्या तोंडाशी काम तयारही झालं. पण देवस्थानाचा निरोप आला: यंदा अधिक महिना आहे, अधिकात नवं काही नको. नंतर नवरात्रात गर्दी, तेव्हाही नको. खंडेनवमीला हत्यारांची पूजा करतो, त्या वेळी यंत्र बंद असतंच, तेव्हा काय ते बसवा.

“धोंड्याच्या महिन्यात जावयाला अनारसे,” अभिराम म्हणाला, “आणि आपल्याला तोच शिळा प्रोग्राम.”

मृण्मयी हिरमुसली. मी तिला म्हणालो, चालतोय ना जुना, चालू दे. असं मी तेव्हा म्हणालो होतो.

नवरात्र बसलं. अभिराम हंगामापुरता डोंगराच्या पायथ्याशी राहायला गेला. चतुर्थीच्या दुपारी मृण्मयीने आपला प्रोग्राम माझ्यासमोर ठेवला. “सर, बसवायच्या आधी शेवटचं एकदा वाचा ना. तुम्ही वाचलंत की मला बरं वाटतं.”

मी वाचायला लागलो. जुन्या प्रोग्राममध्ये हाच भाग मी किती वेळा पाहिला होता. ओळींच्या रानात कुठेतरी एक ‘टी-दोन’ होता, तो वाढायचा, वजा व्हायचा, आणि काय करायचा कोण जाणे. मृण्मयीने त्याला नाव दिलं होतं: ‘पेटी सुरू झाल्यापासूनचा काळ’. वाचून छान वाटलं. एखाद्या बंद खोलीची खिडकी उघडावी तसं. मग सहज, नावच तसं होतं म्हणून, मी विचारलं,

“हा काळ किती मोठा होऊ शकतो?”

“म्हणजे?”

“त्याला ठेवायला जागा किती आहे?”

तिने कागद ओढला आणि आकडे मांडले. “वर्ष… आणि वर पंधरवडा. तेवढंच मावतं. मग भरून पुन्हा शून्य.”

“आणि शेवटचा संकेत कधी आला, ती नोंद?”

तिने ओठ चावत दोन ओळी खाली बोट नेलं. “ती मागे जात नाही. उशिरा पोचलेल्या संकेताने घोळ होऊ नये म्हणून मोठीच वेळ धरून ठेवतो आपण. म्हणजे घड्याळ शून्यावर, आणि नोंद तशीच प्रचंड मोठी…” ती थांबली. “सर, पेटीला वाटेल संकेत पुढच्या वर्षी यायचाय. मग उशीर कसला मोजणार ती?”

“म्हणजे संकेत बंद झाला तरी?”

“ब्रेक पडणारच नाही.” ती एकदम उठली. “पण सर, जुन्यातही हे असंच आहे! मी काही बदललेलं नाही. शपथ!”

“नाही. तू काही बदललेलं नाहीस.”

“आणि पेटी वर्षाला बंद होतेच की. लाइट गेली तरी बॅटरीवर चालते, पण खंडेनवमीला पेटीचाच खटका ओढून ती बंद करतात. काळ पुन्हा पहिल्यापासून सुरू. एक वर्ष कुठे, आणि वर्ष-पंधरवडा कुठे. भरणारच नाही तो.”

मलाही क्षणभर हायसं वाटलं. मग आम्हा दोघांचीही नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली. गेल्या खंडेनवमीपासून या खंडेनवमीपर्यंत यंदा बारा महिने नव्हते. तेरा होते.

मृण्मयीने बोटं मोजली, मग पुन्हा मोजली. “उद्या,” ती म्हणाली. “पंचमीला भरतो.”

ललिता पंचमी. उंबराईला सर्वांत जास्त गर्दी असते तो दिवस.

गेल्या वर्षीचं मला आठवत होतं. सकाळी आधी ऑफिसातली पूजा झाली. उंबराईच्या पेटीची एक जुळी पेटी आमच्या कपाटावर कायम चालू असायची, सुट्या भागांसाठी आणि चाचण्यांसाठी. तिलाही आम्ही बंद करून हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, पुन्हा सुरू केली. ती माळ वाळून अजून तिथेच लटकत होती. मग प्रसाद घेऊन आम्ही दुपारी डोंगराला पोचलो होतो. म्हणजे आमची जुळी सकाळी भरेल आणि डोंगरावरची दुपारी. हातात थोडा वेळ होता. मी तो हिशेब किती तरी वेळा केला आणि प्रत्येक वेळी मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. असं काही असतं तर अभिरामला वास आला नसता का?

त्याला फोन लावला. मागे हलगी वाजत होती.

“उद्या दुपारी माझ्या पेटीला म्हातारचळ लागणार म्हणता?” तो ओरडला. “कुठल्या अध्यायात आलंय हे?”

“अध्यायात नाही. मृण्मयीच्या—”

“शास्त्रीबुवा, नवरात्रात पेटीला हात लावायचा नाही असं ठरलंय, आणि पंचमीला लाइन बंद ठेवा म्हणून सांगू मी? इथे येऊन रांग बघा एकदा!”

“येतो,” मी म्हणालो. म्हणालो आणि मलाच भीती वाटली.

पंचमीला सकाळी पहिल्या एसटीने निघालो. मृण्मयी त्याआधीच ऑफिसात जाऊन जुळ्या पेटीसमोर बसली होती. आमचं ठरलं होतं ते असं: तिने मधूनमधून संकेताची वायर काढायची. पेटी शहाणी असेल तर काही क्षणांत आतला खटका पडतो, टक् असा आवाज येतो. म्हणजे ब्रेक लागला. मग वायर पुन्हा लावायची. एसटीत मी फोन कानाला लावून होतो. टक्. शेजारच्या बाई विचारत होत्या, उंबराईलाच का? टक्. मी मान हलवत होतो. त्यांच्या मांडीवर ओटीचं सामान होतं.

पायथ्याशी ऊन तापलं होतं आणि माणसांनी जमीन दिसत नव्हती. रांग स्टेशनातून बाहेर, नारळाच्या दुकानांपुढून, पार वडापर्यंत गेलेली. वर बघितलं तर पाळणे एकामागे एक, माणसांनी भरलेले, शांतपणे दरीवरून चालले होते. कुठे धक्का नाही, आवाज नाही. त्या शांतपणाची मला कधी भीती वाटेल असं वाटलं नव्हतं.

अभिराम यंत्राच्या खोलीत होता. कपाळाला मळवट, शर्ट घामाने चिकटलेला, मनाने मात्र खूश.

“आई आलीये,” तो म्हणाला. “पहिल्याच पाळण्यात बसवून वर पाठवली सकाळी. गुडघ्यांपायी इतक्या वर्षांत देवी दिसली नव्हती तिला. पाळण्यात बसताना मला म्हणते, अभ्या, हे तू बनवलंस? म्हटलं, हो.” तो हसला. “आता बोला. काय म्हणते पोथी?”

मी सांगायला सुरुवात केली. नेहमीसारखं अडखळत, त्याच्या गुंडीकडे बघत. खालच्या स्टेशनचे व्यवस्थापक शेलार मध्येच आत आले आणि दाराला टेकून ऐकू लागले. ते देवस्थानचे जुने माणूस, आवाज पोलिसासारखा.

“थांबवायचं? आज?” ते म्हणाले. “मास्तर, बाहेर माणसं बघितलीत का? लाइन बंद म्हटलं की रेटा येईल. पोरंबाळं आहेत, म्हाताऱ्या आहेत. चेंगरून कोण मेलं तर तुमची वजाबाकी येणार आहे का पुढं?”

ते खरं होतं. चुकीचा ठरलो तर रांगेत माणसं चिरडतील, बरोबर ठरलो तर… मी पाणी मागितलं.

“आणि होणार काय, नीट सांगा,” शेलार म्हणाले. “पाळणे पडतील?”

“नाही. काहीच होणार नाही. वर काही बिघडेपर्यंत काहीच होणार नाही. पण बिघडलं तर यंत्र थांबणार नाही.”

“आणि बिघडलंच नाही तर?”

“तर कुणाला कळणारही नाही.”

अभिराम हसून शेलारांकडे बघत होता, तेवढ्यात माझ्या फोनवर मृण्मयी म्हणाली, “सर, ऐकताय ना? काढते वायर.”

मी फोन मोठ्या आवाजावर करून टेबलावर ठेवला. आम्ही तिघं त्याच्याकडे बघत राहिलो. बाहेर हलगी चालू होती. चाकाची घरघर चालू होती.

फोनमधून काहीच आलं नाही.

“लावलीस का परत?” मी विचारलं.

“नाही सर. वायर माझ्या हातात आहे.” तिचा आवाज बारीक झाला होता. “दिवा हिरवाच आहे.”

अजून काही क्षण गेले. मग अभिराम म्हणाला, “ती पेटी जुनी आहे. तिचे खटके मीच काढून इकडे लावलेत.”

“आत्ता थोड्या वेळापूर्वीपर्यंत पडत होता खटका,” मृण्मयी म्हणाली. “अभिराम, पडत होता.”

त्याने फोन बंद केला. पण खुर्चीत बसला नाही. खिडकीशी जाऊन वर बघत उभा राहिला. मी पाठमोऱ्या त्यालाच म्हणालो, गुंडी दिसत नव्हती म्हणून बोलता आलं असेल, “अभिराम, मी चुकत असेन. नेहमीच चुकतो. पण इथली पेटी दुपारी भरते. तोवर पाळणे रिकामे करू. फक्त बंद करून चालू करायचं. खंडेनवमी चार दिवस आधी केली असं समजा.”

शेलारांनी कपाळावर हात मारला. “नवमी पंचमीला! देवी काय म्हणेल?”

अभिराम वळला. “शेलारमामा, चढणं थांबवा. लोकांना सांगा, पूजा आहे, थोडा वेळ लागेल. पूजा म्हटलं की कुणी रेटत नाही.” मग माझ्याकडे बघून म्हणाला, “लाइन रिकामी करतो. मग बंद करायच्या आधी तुमच्यासमोर मी स्वतः वायर काढतो. ब्रेक पडला, की तुमचं पुस्तक त्या दरीत. कबूल?”

“कबूल,” मी म्हणालो. मला खरंच वाटत होतं की ब्रेक पडावा.

शेलारांनी कर्ण्यावरून पूजा सांगितली. लोक चक्क बसले. कुणी आरती सुरू केली. वर निघालेले पाळणे वर पोचून रिकामे झाले, खाली येणारे खाली आले. शेवटच्या पाळण्यातून नव्या जोडप्याने उतरताना आमच्याकडे बघून हात जोडले. मग लाइनवर कुणी उरलं नाही. रिकामे पाळणे तसेच फिरत होते, दारं उघडी, एकामागे एक वर चाललेले.

अभिरामने पेटीचं झाकण उघडलं. त्याच्या हालचालीत अजून मिजास होती. दोन बोटांत वायर धरली, माझ्याकडे बघितलं आणि ओढली.

आम्ही वाट पाहिली.

मोठं चाक फिरत होतं. एक रिकामा पाळणा आमच्यासमोरून वळला, डोलला आणि वर निघाला. मागून दुसरा. अभिरामच्या हातात वायर लोंबत होती. त्याने ती परत लावली, परत काढली. तिसरा पाळणा वळला.

“पण अजून दुपार कुठे झालीये?” मी म्हणालो. माझाच आवाज मला लांबून आल्यासारखा वाटला.

शेलारांनी घसा खाकरला. “गेल्या साली आम्ही नवमीला नव्हती बंद केली, साहेब. सकाळी गर्दी असती म्हणून आदल्या सांजेलाच खटका ओढला होता, पुसून-बिसून लगेच चालू. तुम्ही आला तेव्हा चाक फिरतच होतं की. तुम्ही नुसतं हळदकुंकू वाहिलंत.”

मला आठवलं. खरंच फिरत होतं.

म्हणजे कालच्या संध्याकाळपासून. सकाळचा पहिला पाळणाही याच पेटीच्या भरवशावर वर गेला होता. शेलार भिंतीशी गेले आणि हाताने थांबवायचं लाल बटण पूर्ण तळव्याने दाबलं. ते निराळं होतं, त्याला पेटीची गरज नव्हती. चाक कण्हल्यासारखा आवाज करत थांबलं. आरतीचा आवाज एकदम मोठा वाटू लागला.

आम्ही पेटी बंद केली. पुन्हा सुरू केली. लाइन रिकामीच फिरवली, अभिरामने वायर काढली. टक्. चाक थांबलं. त्याने पुन्हा तेच केलं. टक्. आणखी किती तरी वेळा केलं, शेवटी शेलारांनीच त्याचा हात धरला. “बास झालं रे बाबा. पडतोय आता.”

मृण्मयीचा फोन आला. मी बाहेर जाऊन घेतला.

“सर, मी माझा नवा प्रोग्राम जुळ्या पेटीत घातला. घड्याळ पुढे ढकललं. भरू दिलं.”

“मग?”

“वायर काढली.” ती थांबली. “काही नाही, सर. आवाज नाही. अगदी जुन्यासारखंच.”

पुस्तकात सांगितलेलं प्रत्येक पाऊल तिने नीट टाकलं होतं. तिने ‘टी-दोन’ला ते नाव दिलं नसतं तर मला काहीही दिसलं नसतं. आणि चार दिवसांनी, नवमीला, आम्ही हेच पुढच्या वर्षांसाठी हार घालून पेटीत बसवणार होतो.

“म्हणजे काम अचूक झालंय तुझं,” मी म्हणालो.

ती रडत होती की काय, मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

लाइन पुन्हा सुरू झाली. लोक पूजा झाली म्हणून प्रसाद मागत होते. शेलारांनी कुणालातरी पेढे आणायला पिटाळलं. पहिला पाळणा भरून वर निघाला. आता तो सुरक्षित होता, आम्हा तिघांनाही ते माहीत होतं. अभिराम यंत्राच्या खोलीबाहेर पायरीवर बसला आणि त्याने फोन लावला.

“आई, दर्शन झालं? … बरं. ऐक. खाली येताना पायऱ्यांनी ये.”

पलीकडून काहीतरी बरंच बोललं गेलं.

“माहीत आहे गं गुडघे. हळूहळू ये. कुणाचा तरी हात धर. मी अर्ध्यावर येतो घ्यायला. पण पायऱ्यांनी ये.”

त्याने फोन खिशात ठेवला. मग म्हणाला, “ते पुस्तक आणलंय का?”

“पिशवीत आहे.”

मी काढायला लागलो तसा त्याने हात वर केला. “राहू दे,” तो म्हणाला, आणि पायऱ्यांच्या दिशेने चालू लागला.

दिवस कलला तेव्हा दोघं खाली आले. म्हातारी एका हाताने कठडा आणि दुसऱ्याने मुलाचा खांदा धरून एकेक पायरी उतरत होती, प्रत्येक पायरीला ‘आई उंबराई’ म्हणत. तिच्या डोक्यावरून पाळणे ये-जा करत होते, भरलेले, शांत. शेवटच्या पायरीवर ती टेकली. धाप ओसरल्यावर तिने वर बघितलं, मग मुलाकडे, मग माझ्याकडे.

“एवढे पाळणे बांधलेत,” ती म्हणाली, “ते मग कुणासाठी रे?”

अभिरामने खाली वाकून तिच्या चपला नीट जोडून ठेवल्या आणि तिच्या पायांत घालू लागला.